डोळ्यावरचं कुंकू

कागद तुटतो. एवढं आधी ध्यानात घ्या, मग पुढचं सगळं आपोआप कळेल.

रद्दी पाण्यात घुसळली की लगदा होतो. लगदा जाळीवर पसरतो, पाणी गळून जातं, आणि उरतं ते ओलं, लोंबतं कातडं वाफेनं तापलेल्या लोखंडी ढोलांवर चढतं. माणसाहून उंच ढोल, एकापुढं एक, वर-खाली. त्यांच्यावरून वळसे घेत कागद वाळतो आणि पलीकडं गुंडाळला जातो. रद्दीत प्लास्टिकची चिंधी राहिली, लगदा पातळ झाला, वाफ कमी-जास्त झाली, की तो मध्येच टर्रकन फाटतो. मग कुणीतरी ढोलांच्या मध्ये शिरायचं, मागून येणाऱ्या कागदाची अरुंद पट्टी हातात धरायची आणि एकेका ढोलाच्या तोंडात भरवत न्यायची. त्या पट्टीला शेपूट म्हणतात. ढोल थांबवून शेपूट भरवलं तर वेळ जातो. फिरत्या ढोलांत भरवलं तर वेळ वाचतो आणि कधीमधी हात जातो. मलकापूरच्या रुळांपलीकडच्या त्या मिलचे वॉचमन डाव्या हातानं सलाम ठोकायचे, त्याचं कारण हेच.

मालकाला हातांची काळजी कधीच नव्हती. खोके बनवणाऱ्या कंपन्यांनी माल परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा मात्र त्याला घाम फुटला. इथं जाड, तिथं पातळ, एका कडेला करकरीत तर दुसऱ्या कडेला ओलसर, असा कागद कोण घेणार? मग कॉम्प्युटर आले. कागदाचं वजन आणि ओल मोजणारं यंत्र शेवटच्या टोकाला बसलं, वाफेच्या चाव्या आपल्या आपण फिरू लागल्या आणि ढोलांच्या मध्यावर एक डोळा लागला. डोळा म्हणजे काचेमागून तांबडा उजेड फेकणारी डबी. समोर कागद असला की उजेड परत येतो. कागद तुटला की उजेड परत येत नाही, आणि डोळा सगळे ढोल थांबवतो. आत हात घालायची वेळच येत नाही.

गेटवर मोठी पाटी लागली, 'अखंड धाव', आणि खाली मशीन न थांबता किती तास चाललं त्याचा आकडा. डोळ्यानं मशीन थांबवलं की पाटीवरचा आकडा शून्यावर यायचा. मालक गाडीतून उतरला की आधी पाटीकडं बघायचा, मग माणसांकडं.

हे सगळं सांभाळायला काचेच्या खोलीत धम्मशीला बसली. वरवट बकालची. पॉलिटेक्निक केलेली, सावळी, कमी बोलणारी. तिची आई अन्नपूर्णा त्याच मिलच्या रद्दीच्या ढिगावर बसून प्लास्टिक आणि पिना वेचायची. पोरगी वर एसीत, आई खाली धुळीत. दुपारी दोघी भिंतीच्या सावलीत एकच डबा खायच्या आणि मलकापुरातल्या एका खोलीत राहायच्या. मिलमध्ये जागा निघाल्याचं त्यांना रवीनं कळवलं होतं. रवी वरवटचाच, त्यांच्याच वस्तीतला, ढोलांवर हेल्पर. शेपूट भरवायला नेहमी त्यालाच आत पाठवायचे. का, ते विचारू नका. तुम्हाला माहीत आहे.

धम्मशीलाची नोकरी अजून कच्ची होती. कायम करायचं की नाही, ते अर्जुनराव ठरवणार. अर्जुनराव म्हणजे मिलचे मॅनेजर. पांढरा शर्ट, हळू आवाज, कुणाला कधी शिवी नाही. असल्या माणसाची शिवी कागदावर येते.

आणि शिफ्ट इनचार्ज होता गजेंद्र. घरी बागायत, दारात बुलेट, मिलमध्ये पंधरा-वीस वर्षांचा दबदबा. कॉम्प्युटर यायच्या आधी हा गडी गुंडाळलेल्या कागदाला गाल लावून ओल सांगायचा. निम्म्या वेळा चुकायचा, पण सांगायचा असा की ऐकणाऱ्याला वाटावं कागदच चुकला. आता गालाला कोणी विचारत नव्हतं. आता काचेच्या खोलीतून फोन यायचा, "गजेंद्रभाऊ, डावीकडं ओल वाढली." बाईचा आवाज. त्यातही त्या वस्तीतल्या बाईचा. गजेंद्र फोन ठेवून पोरांना म्हणायचा, "वरून हुकूम आला रे बाप्पा. पाह्यजा, हात जोडून उभे राहा." पोरं खिदळायची.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. झेंडूची तोरणं, नारळ, पेढे. कागदाची मशीन म्हणजे लक्ष्मी, असं गजेंद्र मानायचा, आणि तेही मनापासून. त्यानं कुंकू तेलात कालवलं आणि प्रत्येक मोटारीला, प्रत्येक चाकाला स्वतःच्या बोटानं टिळा लावला. डोळ्यापाशी आला तेव्हा जरा थांबला.

"हिले तर बरोब्बर कपायावर पाह्यजे," तो म्हणाला, आणि काचेवर ठसठशीत बोट ओढलं.

काच गरम होती. कुंकू तिथंच भाजून बसलं.

त्या दिवशी मशीन सुरू झालं आणि दुपारी कागद तुटला. धम्मशीलानं शेवटच्या टोकाचं वजन शून्यावर आलेलं पाहिलं. ढोल मात्र फिरतच राहिले. पडद्यावर डोळ्याचं चिन्ह हिरवं होतं आणि त्याखाली लिहिलेलं होतं, 'कागद आहे'. कागद नव्हता. कुंकवावर आपटून तांबडा उजेड परत येत होता, आणि बिचाऱ्या डोळ्याला वाटत होतं, समोर सगळं ठीक आहे.

खाली गजेंद्रनं रवीला आत पाठवलं, फिरत्या ढोलांत शेपूट भरवलं आणि मशीन चालू लागलं. पाटीवरचा आकडा हललाही नाही.

"पाह्यलं?" गजेंद्र ओरडला. "देवी पावली! कागद तुटला, पन मशीन थांबली नाई. हे काम कॉम्प्युटरच्या बापाकडून होत नाई."

धम्मशीला खाली आली. "भाऊ, देवी नाही. काचेवर कुंकू आहे. डोळा आंधळा झालाय. पुसायला पाहिजे."

ढोलांच्या घरघरीत सुद्धा तिचं बोलणं ऐकू गेलं. दोघं-तिघं जवळ आले. गजेंद्रनं कमरेवर हात ठेवले.

"काय पुसावं म्हनतेस?"

"कुंकू."

"दसऱ्याचं? सवाष्ण मशीनचं?" तो पोरांकडं वळला. "ऐकून घ्या रे. मॅडमच्या घरी लावत नाईत, म्हनून आपलंबी पुसा."

सगळे हसले. रवी हसला नाही. तो हातमोजा काढून बोटं बघत होता.

ती अर्जुनरावांकडं गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला कळतं," ते म्हणाले. "तुलाही कळतं. मालकाला पाटी कळते. लोकांच्या श्रद्धेत तू आणि मी पडायचं नाही. सणाचं आहे, राहील थोडे दिवस, जाईल आपोआप."

ते गेलं नाही. आणि पाटीवरचा आकडा चढत गेला. इतका चढला की मालकानं पाटीसमोर उभं राहून फोटो काढला. बाजूला अर्जुनराव, त्यांच्या बाजूला गजेंद्र. मोठी खोक्यांची कंपनी तपासणीला येणार होती, तिला असलंच न थांबणारं मशीन बघायचं होतं. गजेंद्रच्या कानावर आलं, की तपासणी नीट पार पडली तर सगळ्या उत्पादनाचा साहेब तोच. त्यानं बुलेटवर नवा हॉर्न बसवला.

मग एक दिवस रवीचा हातमोजा गेला. नुसता हातमोजा. ढोल आणि जाड कापडी पट्टा यांच्या मध्ये तो सर्रकन ओढला गेला आणि पलीकडून चपटा, वाळलेला, पापडासारखा बाहेर आला. हात त्यातून वेळेवर सुटला म्हणून सुटला. रवी दुपारी भिंतीच्या सावलीत दोघींपाशी येऊन बसला आणि तो हातमोजा त्यानं डब्याशेजारी ठेवला.

"धम्मा," तो म्हणाला, "तुह्या त्या पडद्यावर दिसते का वं, मी आत असलो म्हंजे?"

"तू नाही दिसत. कागद नसला की कळतं."

"मंग तेवढं कळलं तर बटन दाब. लाल बटन तुह्यापाशीच हाय ना?"

"आहे."

अन्नपूर्णानं डब्याचं झाकण आपटलं. "तू तिले शिकवू नको, रव्या. तिची नोकरी कच्ची हाय. मशीनचा डोया आंधया झाला तर झाला, माह्या पोरीचा नाई झाला."

"मावशी, माहा हात?"

"तुह्या हातानं तू कमाव," अन्नपूर्णा म्हणाली. वाईट बाई नव्हती ती. तिनं धूळ खाऊन पोरगी शिकवली होती, आणि आता तिला दुसऱ्या कुणाचं काही दिसत नव्हतं.

धम्मशीलाला दिसत होतं. रविवारी मशीन बंद असताना ती चिंधी आणि घासलेट घेऊन ढोलांमध्ये शिरली आणि तिनं काच लख्ख पुसली.

सोमवारी कागद तुटला. डोळ्यानं पाहिलं. सगळे ढोल धाप टाकून उभे राहिले. पाटीवर शून्य.

गजेंद्रला काच बघायला क्षण लागला नाही. त्यानं शिफ्ट गोळा केली. रद्दीवरच्या बायासुद्धा बोलावून घेतल्या, म्हणजे अन्नपूर्णाही आली.

"कोनं पुसलं?"

धम्मशीला म्हणाली, "मी."

"कोन्या हातानं?"

"मशीन सुरक्षित राहावं म्हणून पुसलं, भाऊ. रवीचा हात—"

"मी इचारलं कोन्या हातानं!"

गजेंद्रनं आधीच तयारी करून ठेवली होती. कोल्ड्रिंकच्या बाटलीत गोमूत्र आणलं होतं. त्यानं ते काचेवर शिंपडलं, ढोलाच्या कडेवर शिंपडलं, धम्मशीला उभी होती तिथून खोलीपर्यंतच्या लोखंडी जिन्यावर शिंपडलं. गरम लोखंडावर ते चुरचुरलं, तिच्या केसांवर शिंतोडे उडाले आणि वास सुटला. मग त्यानं काच स्वतःच्या पंच्यानं पुसली आणि पुन्हा कुंकू लावलं, यावेळी दोन बोटांनी, जाड. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "जय" म्हणालं. रवी मान खाली घालून उभा होता. अन्नपूर्णाही. आणि वरच्या केबिनच्या खिडकीत अर्जुनराव चहा पीत उभे होते. ते सगळं बघत होते, आणि कप खाली ठेवत नव्हते.

संध्याकाळी धम्मशीलाच्या लाल बटणाच्या वर एक कागद चिकटवला गेला. मिलचाच तपकिरी कागद, त्यावर टाइप केलेलं. 'शिफ्ट इनचार्ज यांची फोनवर परवानगी घेतल्याशिवाय मशीन थांबवू नये.' खाली अर्जुनरावांची सही.

"आणि कायम करायचं आपण पुढं ढकलू," अर्जुनराव हळू आवाजात म्हणाले. "तू हुशार आहेस. माणसांत मिसळायला शिक."

त्या रात्री आईनं तिला बोल लावला नाही. नुसतं पाणी तापवलं आणि म्हणाली, "डोकं धुऊन घे. वास येते."

हे विसरू नका. पुढं जे झालं तेव्हा पुन्हा पुन्हा धुतलेल्या डोक्याचा तो वास तिला अजून येत होता.

दिवाळीनंतर अवकाळी पाणी पडलं. रद्दी भिजली. भिजल्या रद्दीचा लगदा कधी घट्ट, कधी पाण्यासारखा. कॉम्प्युटर वाफ वाढवून कमी करून थकला, तरी कागद तुटत राहिला. तपासणी दोन दिवसांवर होती. गजेंद्र ढोलांपाशीच ठाण मांडून होता, आणि शेपूट भरवायला रवी आत-बाहेर, आत-बाहेर.

दुपारी परत वजन शून्य झालं. डोळा हिरवा, 'कागद आहे'. धम्मशीला नेहमीसारखी वाट बघत बसली. शेपूट लागलं की वजन परत यायचं.

आलं नाही.

त्याऐवजी ढोलांच्या मोटारीचा भार एकदम वर उडाला. आकडा पिवळा झाला, मग तांबडा. मोटार काहीतरी ओढत होती. कागदाला मोटार असं ओढत नाही. कागद ओढला की फाटतो.

तिला कळलं. तिथल्या तिथं, सगळं कळलं. काचेतून ढोलांचा फक्त पुढचा भाग दिसायचा, पुढं वाफ आणि पत्र्याचं छप्पर. पण बघायची गरज नव्हती. आत नेहमी रवी असतो.

बोट लाल बटणावर गेलं. बटण गार होतं. बोट तिथंच राहिलं.

वर कागद होता. 'परवानगी घेतल्याशिवाय.' तिनं वाचलं. पाठ असलेला कागद तिनं पुन्हा वाचला. जिन्यावर शिंपडलेलं गोमूत्र तिला आठवलं, आईची खाली गेलेली मान आठवली, कायमच्या नोकरीचं पत्र आठवलं, जे अजून लिहिलंच गेलं नव्हतं. दुसऱ्या हातानं तिनं फोन उचलला आणि गजेंद्रचा नंबर लावला.

रिंग गेली. गजेंद्रच्या फोनला आरती लावलेली होती. मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. तिच्या कानात मात्र नुसती टुर्र, टुर्र.

कोणी उचललं नाही. तिनं ठेवला, आणि परत लावला.

आता तुम्ही म्हणाल, दाबायचं ना बटण. सोपं आहे, म्हणा. तीसुद्धा पुढं आयुष्यभर तेच म्हणाली असेल. पण त्या क्षणी तिच्या मनात काय होतं, तेही ऐका. तिच्या मनात होतं, विचारा म्हणता ना? घ्या, विचारते. नीट, नियमानं, शेवटच्या रिंगपर्यंत विचारते. बघू कोण उचलतं. तिला रवीची दया नव्हती असं नाही. पण रागापुढं ती कमी पडली. इतकंच.

दुसरी रिंग संपत आली तेव्हा काचेवर थाप पडली. धडाधड, दोन्ही तळव्यांची. ती वळली.

काचेपलीकडं रवी होता. दोन्ही हात शाबूत.

"बंद कर!" तो बोंबलत होता. "बंद कर वं! गजेंद्रभाऊ हायेत आत! बंद कर!"

तिनं बटण दाबलं.

ढोल लगेच थांबत नाहीत. एवढं वजनदार लोखंड आपल्याच ओघात फिरत राहतं. मग कधीतरी शांत झालं, आणि त्या शांततेत मिलभर आरती ऐकू येऊ लागली. फोन तिच्या हातात अजून सुरूच होता. खाली, ढोलांच्या मध्ये, गजेंद्रच्या खिशात तो वाजत होता.

रवीचं शेपूट दोनदा हुकलं होतं. गजेंद्रनं त्याला मानेला धरून बाहेर ओढलं होतं. "हट बे, बह्याडा. तुह्याच्यानं नाई होत. पाह्य, कसं भरवतात ते." आणि शर्टाची बाही न आवरताच आत हात घातला होता.

त्याला काढायला ढोलाचे बोल्ट खोलावे लागले. उजवा हात खांद्यापासून गेला. वाचला, इतकंच.

रुग्णवाहिका गेल्यावर रवी पायरीवर बसला होता. धम्मशीला त्याच्यासमोर उभी राहिली. त्याच्या कपड्यांवर रक्त होतं, त्याचं नव्हे.

"तुले कळलं होतं," तो म्हणाला. "मी पळत आलो तवा तुहं बोट बटनावरच होतं. म्या पाह्यलं काचेतून. बोट बटनावर अन् कानाले फोन."

"परवानगी—"

"तुले काय वाटलं, आत कोन हाय?"

तिनं रुमाल त्याच्यापुढं धरला.

"धम्मा, आत कोन हाय वाटलं तुले?"

"तू," ती म्हणाली.

रवीनं मान हलवली. जणू हिशेब जुळला. मग उठला, हातपाय धुवायला नळावर गेला, आणि त्या दिवसानंतर तिच्याशी कामापलीकडं एक शब्द बोलला नाही. तिला "मॅडम" म्हणायचा. नुसतं मॅडम, पाठीमागं काही नाही.

आठवड्यानं अर्जुनरावांनी तिला गाडीत घालून अकोल्याला दवाखान्यात नेलं. "दोघांचं बोलणं एक असलेलं बरं," ते म्हणाले. दारात गजेंद्रची बायको सुचिता बसली होती. तिनं धम्मशीलाकडं पाहिलं आणि पदर ओढून पाय आत घेतले, जशी वाटेतून कोणी जाताना बाई आपली पाण्याची घागर बाजूला घेते.

गजेंद्र उशीवर तिरपा पडला होता. उजवीकडं चादर सपाट.

"फोन तुहाच होता ना?" तो म्हणाला.

"हो."

"खिशात थरथरत होता. मले वाटलं आता थांबन, आता थांबन. मंग बंद झाला. मंग परत वाजला." तो हसल्यासारखा झाला. "मी म्हनलं, ही मले काय इचारून राह्यली?"

"तुम्हीच सांगितलं होतं, भाऊ. विचारल्याशिवाय नाही."

"हाव. म्याच सांगतलं."

अर्जुनराव खिडकीतून बाहेर बघत होते.

"पन एक सांगतो," गजेंद्र म्हणाला, आणि त्याचे डोळे पुन्हा जुन्या गजेंद्रचे झाले. "हे तुह्यामुळंच झालं. फोनमुळं नाई. तू मशीनचं कुंकू पुसलं, तवाच तिनं मनात धरलं."

"मी पुसलं तेव्हा मशीन थांबलं होतं," धम्मशीला म्हणाली. "कागद तुटला आणि थांबलं. कुंकू तुम्ही परत लावलं."

गजेंद्रनं मान भिंतीकडं फिरवली. त्याला हात नको होता परत. त्याला आपलं खरं हवं होतं, आणि ते त्याच्याकडं अजून होतं.

जिन्यावर अर्जुनराव म्हणाले, "ऐक. चौकशीत सांगायचं, की डोळा व्यवस्थित होता, माणसानं घाई केली. तू नियमानं फोन केलास, तुझ्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. तुझं पत्र टाइप करायला दिलंय. पुढच्या महिन्यापासून कायम."

"आणि काच?"

"काचेचं काय? आज पुसली तर उद्या कोणीतरी म्हणेल, का पुसली? म्हणजे कुंकवात काहीतरी होतं. आणि तपासणी पुढं ढकलली होती, ते लोक गुरुवारी येतायत." ते एक पायरी खाली उतरले. "खरं म्हणजे ढोल खोलताना काचेवरचं कुंकू खरवडलं गेलं. नव्यानं लावावं लागेल. खाली लोक म्हणतात, तू पुसलं म्हणून कोप झाला. तू स्वतः लावलंस तर तोंडं बंद होतील. सगळ्यांची. माझंसुद्धा."

बुधवारी मशीन सुरू करायचं ठरलं. ढोल धुऊन काढले होते, तरी एका पट्ट्यावर तपकिरी डाग राहिलाच होता. तो कागदावर उमटेल का, याची चिंता अर्जुनरावांना होती. शिफ्ट उभी होती. रद्दीवरच्या बायाही. कुणीतरी ताट पुढं केलं. झेंडू, नारळ, तेलात कालवलेलं कुंकू.

धम्मशीलाच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली मेणबत्ती लागते, कुंकू कधी आलेलं नाही. अन्नपूर्णा ढिगाच्या कडेला उभी होती. पोरीनं तिच्याकडं पाहिलं. आईनं पापणीही हलवली नाही. दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी राहिली.

रवी आत, ढोलांच्या तोंडाशी, नवीन हातमोजे घालून तयार होता. तो तिच्याकडं बघत होता. आता एकदा तरी काय करते ते बघू, असं.

तिनं बोट ताटात बुडवलं. डोळ्याच्या वरच्या पत्र्यावर लावलं असतं तरी चाललं असतं. काच मोकळी राहिली असती, आणि खालून कुणाच्या लक्षात आलं नसतं. बोट पत्र्यापर्यंत गेलं. मागं अर्जुनराव खाकरले, हळू, सवयीप्रमाणे.

तिनं बोट काचेवर ओढलं. मधोमध, जाड, व्यवस्थित. पॉलिटेक्निकला शिकलेली होती. किती लावलं की उजेड पुरता परत येतो, ते तिला बरोबर माहीत होतं.

नारळ फुटला. ती जिना चढून काचेच्या खोलीत गेली, बोट रुमालाला पुसलं आणि खुर्चीवर बसली. खाली ढोल फिरायला लागले, रिकामे. मशीनवर अजून कागदाचा एक कपटासुद्धा चढला नव्हता. पडद्यावर डोळा हिरवा झाला आणि त्याखाली अक्षरं उमटली, 'कागद आहे'.

रवी शेपूट घेऊन आत शिरला.